दात काढल्यानंतरची काळजी आणि दवाखान्यातली सुरक्षितता : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, तासगाव, जत, कराड, वाई अशा सगळीकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आधीचे प्रश्न पेशंट आणि घरच्यांचे, १४ पासून पुढचे दातांच्या दवाखान्यात काम करणाऱ्यांचे. आपल्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका; तुमचं तोंड त्यांनी पाहिलेलं आहे.

१. दात काढून आत्ताच घरी आलोय. कापसाचा बोळा किती वेळ धरायचा?

४५ मिनिटं, दाबून. मध्ये काढून ‘रक्त थांबलं का’ असं बघू नका. दर वेळी काढलात की नुकती धरलेली गुठळी सोबत निघते. लाळ गिळा, थुंकू नका. थुंकताना तोंडात ओढ तयार होते आणि तीच गुठळी हलवते. २४ तास चूळ नको, स्ट्रॉने पिणं नको.

पाऊण तासानंतरही रक्त येत असेल तर स्वच्छ गॉजची घट्ट घडी करा, पाण्यात ओली करून पिळा आणि नेमकी जखमेवर ठेवून आणखी अर्धा तास चावून धरा. बहुतेक वेळा चूक इथे होते: बोळा शेजारच्या दातांवर बसतो, जखमेवर दाब पडतच नाही. लाळेला गुलाबी रंग दिवसभर राहिला तर काळजी नको. पण तोंड पुन्हापुन्हा लाल रक्ताने भरत असेल तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर प्रश्न ९ पाहा.

२. दवाखान्यातून लगेच एसटीने गावाला निघालो तर चालेल का?

पहिला बोळा काढून डॉक्टरांनी जखम पाहिल्याशिवाय निघू नका. जत, आटपाडीचा प्रवास लांबचा. वाटेत रक्त सुरू झालं तर करायला काही नसतं. सोबत गॉजच्या चार-पाच घड्या आणि पाण्याची बाटली घ्या. गोळ्या स्टँडवर जाण्याआधीच घ्या, कारण भूल दोन-तीन तासांत उतरते आणि दुखणं नेमकं गाडीत सुरू होतं. पहिली गोळी भूल उतरायच्या आधी पोटात गेली तर पुढचा दिवस बराच सुसह्य जातो.

३. काय खायचं, काय नाही?

भूल उतरेपर्यंत काहीच चावू नका. ओठ, जीभ चावली तरी कळत नाही. पहिल्या दिवशी गार किंवा कोमट आणि मऊ: ताकभात, मऊ खिचडी, गार केलेलं नाचणीचं सत्त्व, दही, केळं. दुसऱ्या दिवसापासून वरणात कुस्करलेली भाकरी चालते. वाफाळता चहा पहिल्या दिवशी नको, उष्णतेने रक्त पुन्हा सुटतं.

सांगलीकरांना एक गोष्ट आवर्जून सांगायची: भडंग आठ-दहा दिवस बंद. चुरमुऱ्याचं टरफल आणि शेंगदाण्याची साल खड्ड्यात अडकून बसते, चूळ भरूनही निघत नाही आणि तिथे कुजते. शेव, फरसाण, राजगिरा, तीळ यांचंही तेच. अडकलंच तर काडीने टोकरू नका; डॉक्टर सलाईनच्या सिरिंजने धुऊन काढतील.

४. मिठाच्या गुळण्या कधीपासून?

दुसऱ्या दिवसापासून. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, दिवसातून चार-पाच वेळा, विशेषतः जेवल्यावर. जोरात खुळखुळवू नका. पाणी तोंडात घ्या, मान हळू कलवा आणि तोंड उघडून पाणी पडू द्या. बाकीचे दात पहिल्या रात्रीपासून घासायचे, जखमेचा भाग सोडून. पेस्ट नुसती बाहेर पडू द्या.

५. दुखतंय म्हणून लवंग, हळद किंवा तंबाखू दाबून ठेवली तर?

उघड्या जखमेत काहीच भरू नका. हळद जेवणात उत्तम आहे, पण डब्यातली पूड निर्जंतुक नसते आणि तिचे कण खड्ड्यात अडकतात. लवंगेचं तेल हिरडीवर थेट लागलं तर भाजतं. वेदनाशामक गोळी हिरडीवर ठेवायची सवयही सोडा. अ‍ॅस्पिरिनने तिथलं कातडं पांढरं पडून सोलून निघतं.

तंबाखू आणि मिश्रीबद्दल स्पष्टच सांगतो. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेला रक्त कमी पोचतं. चुना जखम भाजतो. मिश्री बोटाने घासली की ते बोट थेट गुठळीवर जातं. विडी-सिगारेटमध्ये धुरासोबत ओढही येते. कमीत कमी तीन दिवस पूर्ण बंद, आठवडा जमला तर फार चांगलं. घरातल्या आजी मिश्री लावत असतील तर ‘सोडा’ म्हणण्यापेक्षा डबीच आठ दिवस नजरेआड ठेवा.

६. पहिले दोन दिवस बरं होतं, तिसऱ्या दिवशी भयंकर ठणका सुरू झाला. हे काय?

बहुधा ड्राय सॉकेट. गुठळी निघून जाते किंवा विरघळते आणि खालचं हाड उघडं पडतं. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत: दात काढल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास दुखणं कमी व्हायचं सोडून वाढतं, कानाकडे आणि कानशिलाकडे जातं, तोंडाला घाण वास येतो, खड्डा रिकामा किंवा करडा दिसतो. गोळीने तात्पुरतंच बरं वाटतं.

खालच्या अक्कलदाढेला हे जास्त होतं. तंबाखू ओढणारे, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रिया, आणि ज्यांची दाढ काढायला खूप जोर लागला, त्यांना धोका अधिक.

उपाय दवाखान्यातच. डॉक्टर कोमट सलाईनने खड्डा धुतात आणि औषधी पट्टी ठेवतात. ठणका बहुधा त्याच दिवशी उतरतो. पट्टी एक-दोन दिवसांनी बदलावी लागू शकते. हा मुळात जंतुसंसर्ग नाही, त्यामुळे मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून उपयोग होत नाही. पण ताप किंवा पू असेल तर गोष्ट वेगळी. पुढचा प्रश्न वाचा.

७. सूज किती दिवस राहते? घाबरायचं कधी?

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते आणि मग उतरते. पहिल्या दिवशी बर्फ फडक्यात गुंडाळून गालावर १० मिनिटं, मग १० मिनिटं विश्रांती. त्यानंतर कोमट शेक चालतो. झोपताना दोन उशा घ्या.

पुढचं काही दिसलं तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका: तिसऱ्या दिवसानंतर वाढत जाणारी सूज, जबड्याखाली किंवा गळ्यावर कडक फुगवटा, जीभ वर उचलल्यासारखी होणं, गिळता न येणं, आवाज बदलणं, श्वासाला त्रास, थंडी वाजून ताप. दाढेचा संसर्ग गळ्यात उतरला तर काही तासांत श्वासनलिका दबू शकते. १०८ ला फोन करा किंवा थेट मोठ्या रुग्णालयात जा: सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय, जे जवळ असेल ते. अशा वेळी गल्लीतल्या दवाखान्यात एक इंजेक्शन घेऊन घरी झोपणं जिवावर बेतू शकतं.

८. दुखण्यावर कोणती गोळी? अँटिबायोटिक लागतंच का?

मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल ६५० सहा-सहा तासांनी, दिवसात चारपेक्षा जास्त नको. जास्त दुखत असेल तर जेवणानंतर आयबुप्रोफेन ४००, दिवसात तीनपर्यंत. दोन्ही मिळून चांगलं काम करतात. मात्र मेडिकलमधल्या अनेक जोडगोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असतं; पाकिटावर वाचा, नाहीतर नकळत दुप्पट जातं.

आयबुप्रोफेन आणि डायक्लोफिनॅक यांना नको: पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, गोळीने वाढणारा दमा, गरोदरपण, रक्त पातळ करणारी औषधं. पावसाळ्यात अंगात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तरीही नको, फक्त पॅरासिटामॉल. यकृताचा आजार किंवा रोजची दारू असेल तर पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच.

निरोगी माणसाचा साधा दात काढल्यावर अँटिबायोटिक बहुधा लागत नाही. दिलं असेल तर सांगितल्याप्रमाणे घ्या. उरलेल्या पट्टीतल्या दोन गोळ्या शेजाऱ्याला देऊ नका.

९. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. दात काढायच्या आधी बंद करू का?

स्वतःहून कधीच नाही. स्टेंट घातलेल्या माणसाने अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल अचानक बंद केलं तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन हार्ट अ‍ॅटॅक येऊ शकतो. दाताचं रक्त मात्र दाबून, टाका घालून, ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडमध्ये भिजवलेलं गॉज ठेवून थांबवता येतं. वॉरफरिन किंवा असिट्रोम घेत असाल तर आयएनआर तपासणी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी) शक्यतो आदल्या दिवशीची हवी. साधारण ३.५ पर्यंत साधा दात दवाखान्यात काढता येतो. रक्त पातळ करणाऱ्या नव्या प्रकारच्या गोळ्यांचं वेळापत्रक हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. अपॉइंटमेंट सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची घ्या, म्हणजे रक्त सुरू झालंच तर दवाखाना उघडा मिळतो.

१०. शुगर आहे. उपाशी यायचं का?

नाही. साध्या भुलेसाठी नेहमीचा नाश्ता आणि नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन सकाळी या. उपाशीपोटी गोळी घेऊन खुर्चीत बसलेल्या पेशंटची साखर उतरते, घाम फुटतो, थरथर होते; लोक त्याला ‘भूल चढली’ म्हणतात. काढल्यावर चावता येत नाही म्हणून जेवण टाळू नका, वर दिलेलं मऊ खा. साखर खूप वाढलेली असेल तर जखम सावकाश भरते, म्हणून दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीएवनसी तपासणी सोबत आणा.

११. आणखी कोणत्या गोष्टी डॉक्टरांना आधी सांगायच्या?

हाडांच्या ठिसूळपणासाठी किंवा कॅन्सरसाठी झोलेड्रोनिक अ‍ॅसिडसारखं इंजेक्शन, अ‍ॅलेंड्रोनेटची गोळी: ही लोक हमखास विसरतात, कारण हाडांच्या ठिसूळपणाचं इंजेक्शन वर्षातून एकदाच असतं. त्याने दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. हृदयाची कृत्रिम झडप असेल तर दात काढण्याआधी ३० ते ६० मिनिटं अँटिबायोटिकचा एक डोस लागतो. जबड्याला रेडिएशन झालं असेल, गरोदर असाल, भुलेने पूर्वी त्रास झाला असेल तर तेही. गरोदरपणात चौथा ते सहावा महिना उपचाराला सोयीचा, पण ठणका किंवा पू असेल तर कोणत्याही महिन्यात थांबू नये.

१२. रूट कॅनॉलनंतर चावताना दुखतं. बिघडलं का?

दोन-तीन दिवस ठेचल्यासारखं दुखणं चालतं. तात्पुरतं सिमेंट आहे तोवर त्या बाजूने चावू नका. पक्कं भरून झाल्यावर कॅप लांबवू नका. आतून पोकळ झालेली दाढ सुपारी किंवा खड्यावर उभी चिरली तर ती बहुधा काढावीच लागते. सूज किंवा ताप आला तर प्रश्न ७.

१३. माझ्यासाठी वापरलेली हत्यारं निर्जंतुक आहेत हे कसं ओळखू?

विचारा. यात संकोच कसला? हत्यारांचं पाकीट तुमच्यासमोर फोडायला हवं. पाकिटावरची खूण ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं मशीन) निघाल्यावर रंग बदलते. पाकीट ओलं किंवा फाटलेलं नसावं. सुई नवी, हातमोजे तुमच्यासाठी नवे. मोजे घातलेल्या हाताने कुणी फोन उचलला आणि तोच हात तोंडाकडे आला तर ‘मोजे बदलता का?’ म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. नुसतं उकळत्या पाण्यात ठेवलेलं हत्यार निर्जंतुक होत नाही.

१४. पेशंटला वापरलेली सुई माझ्या बोटाला टोचली. आता?

बोट पिळू नका, तोंडात घालू नका, स्पिरिट किंवा हायपो (जंतुनाशक सोडियम हायपोक्लोराइट) ओतू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. डोळ्यात शिंतोडा गेला असेल तर पाण्याने किंवा सलाईनने १०-१५ मिनिटं धुवा. मग काम थांबवून डॉक्टरांना सांगा. ‘ओरडतील’ म्हणून लपवणं हीच सगळ्यात महाग पडणारी गोष्ट आहे, आणि न ओरडणं ही डॉक्टरांची जबाबदारी.

पेशंटला घरी जाऊ देऊ नका. त्यांच्या संमतीने एचआयव्ही, एचबीएसएजी (हेपॅटायटिस बीची चाचणी) आणि हेपॅटायटिस सी तपासा. तुमचंही रक्त त्याच दिवशी घ्यायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू व्हावीत, ७२ तासांनंतर उपयोग नाही. म्हणून पेशंटच्या रिपोर्टसाठी रात्रभर थांबू नका; पहिला डोस घ्या, रिपोर्ट निगेटिव्ह आला की डॉक्टर थांबवतील. कोर्स २८ दिवसांचा, शासकीय रुग्णालयाच्या एआरटी (एचआयव्ही उपचार) केंद्रात मिळतो.

भीती नेमकी किती बाळगायची? एचआयव्ही असलेल्या पेशंटच्या सुईतून लागण होण्याची शक्यता हजारात सुमारे तीन. लस न घेतलेल्याला हेपॅटायटिस बी मात्र शंभरात ६ ते ३० पर्यंत होऊ शकतो. म्हणून पुढचा प्रश्न.

१५. हेपॅटायटिस बीची लस लहानपणी घेतली होती बहुतेक. पुरेशी आहे?

‘बहुतेक’वर काम करू नका. रक्तातलं अँटी-एचबीएस (हेपॅटायटिस बीपासून संरक्षण आहे का ते दाखवणारं) तपासा. १० किंवा जास्त असेल तर ठीक. कार्डच नसेल तर ०, १ आणि ६ महिन्यांनी असे तीन डोस, आणि तिसऱ्यानंतर एक-दोन महिन्यांनी ही तपासणी. लस नसताना सुई टोचली आणि पेशंट पॉझिटिव्ह निघाला तर लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शन लागतं, शक्यतो २४ तासांत. नवी मदतनीस कामाला लागली की पहिल्या आठवड्यात पहिला डोस. खर्च दवाखान्याने करावा, असं आमचं ठाम मत आहे.

१६. भुलेच्या सुईला टोपण लावू नका म्हणतात, पण त्याच पेशंटला पुन्हा भूल द्यावी लागते. मग?

एका हाताने लावायचं. टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवा, सिरिंज धरलेल्या हातानेच सुई त्यात सरकवा, उभं करून मग बुडाशी दाबा. दुसरा हात पाठीमागे. सुई हातातून हातात देऊ नका, ट्रेमध्ये ठेवा आणि समोरच्याने उचलावी. टोचण्याचे बरेच प्रसंग शेवटच्या आवराआवरीत होतात, जेव्हा कापसाच्या ढिगाखाली सुई दडलेली असते. म्हणून ज्याने सुई वापरली त्यानेच ती डब्यात टाकायची.

१७. कोणता कचरा कोणत्या रंगात?

जैववैद्यकीय कचरा नियम, २०१६ प्रमाणे: काढलेला दात, रक्ताचा कापूस, गॉज, मास्क पिवळ्या पिशवीत. हातमोजे, सक्शनच्या नळ्या, सुई काढलेली प्लास्टिक सिरिंज लाल पिशवीत. सुया, ब्लेड, टाक्याची सुई, रूट कॅनॉलच्या वापरून झालेल्या फाइल्स पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. काचेच्या बाटल्या, फुटलेले अँप्यूल निळ्यात. ४८ तासांपेक्षा जास्त साठवू नका.

अपवाद: चांदीचं सिमेंट भरलेला दात पिवळ्यात टाकू नका. ती पिशवी जाळली जाते आणि पारा वाफ होऊन हवेत जातो. असे दात आणि सिमेंटचे तुकडे घट्ट झाकणाच्या बाटलीत वेगळे साठवून कचरा नेणाऱ्या संस्थेला सांगून द्या.

१८. ऑटोक्लेव्ह रोज चालवतो, तरी स्पोअर टेस्ट (मशीन चिवट जंतूही मारतं का, ती चाचणी) फेल आली. का?

बहुधा चार कारणांपैकी एक. हत्यारं आधी घासली नव्हती. वाळलेल्या रक्ताखाली वाफ पोचत नाही. पाकिटं एकावर एक कोंबली होती. कुकरसारख्या मशीनमधली हवा पूर्ण बाहेर काढली नाही. काटा १५ पौंडांवर जातो पण आत हवा-वाफेचं मिश्रण असतं आणि तापमान कमी राहतं. म्हणून वाफेचा सलग झोत सुटेपर्यंत झडप उघडी ठेवा. चौथं, वेळ चुकीची मोजली. १२१ अंश गाठल्यावर घड्याळ सुरू करायचं; पाकीटबंद हत्यारांना ३० मिनिटं. व्हॅक्यूम मशीनमध्ये १३४ अंशांना ३ ते ४ मिनिटं.

मशीन थांबलं तरी पाकिटं वाळल्याशिवाय काढू नका. ओल्या कागदातून जंतू आत झिरपतात. हँडपीसला (दात कोरायचं फिरतं हत्यार) आधी तेल, मग पाकीट. बोअरचं पाणी वापरू नका, क्षार साचून झडप चोंदते, डिस्टिल्ड वॉटरच. स्पोअर चाचणी आठवड्याला एकदा. फेल आली तर त्या मशीनमधली सगळी पाकिटं पुन्हा करायची, मशीन पास होईपर्यंत बंद.

१९. आमचा दवाखाना महाबळेश्वरला आहे. १५ पौंड पुरतात का?

फार कमी जण हे विचारतात, पण प्रश्न रास्त आहे. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंच. तिथे हवेचा दाब कमी, त्यामुळे काट्यावर १५ पौंड दिसले तरी आतलं तापमान १२१ पेक्षा दोन-तीन अंशांनी कमी राहतं. साधारण १७ पौंड लागतात. मशीनची मर्यादा तेवढी नसेल तर जोर करू नका. कंपनीकडून वाढीव वेळ विचारून घ्या आणि स्पोअर चाचणीने खात्री करा. पाचगणीलाही हेच लागू. तापमान दाखवणारं मशीन असेल तर दाबाकडे न बघता तापमान बघा.

२०. हायपो किती पातळ करायचा?

५ टक्क्यांच्या बाटलीतला एक भाग आणि चार भाग पाणी म्हणजे १ टक्का. रोज ताजा करा, उन्हात ठेवू नका. रक्त सांडलं तर आधी मोजे, मग कागदाने झाका, वर हायपो ओता, १० मिनिटांनी पुसा. लोखंडी-स्टीलच्या हत्यारांवर नको, गंज चढतो. बाथरूमच्या अ‍ॅसिडमध्ये कधीच मिसळू नका. निघणारा क्लोरीन वायू बंद खोलीत घातक आहे.

२१. खुर्चीच्या पाण्याचं काय?

रात्रभर नळीत थांबलेल्या पाण्यात जंतूंचा बुळबुळीत थर वाढतो. सकाळी हँडपीसच्या नळ्या दोन मिनिटं वाहू द्या, प्रत्येक पेशंटनंतर २० ते ३० सेकंद. दात काढताना हाड कापायचं असेल तर खुर्चीचं पाणी नको, निर्जंतुक सलाईन वापरा.

२२. एक्स-रे काढताना फिल्म मी धरली तर?

नाही, कधीच नाही. पेशंट धरेल, लहान मुलाची घरचे धरतील. तुम्ही सहा फूट लांब, किरणांच्या वाटेच्या बाजूला किंवा मागे. किरणांच्या मोजणीचा बॅज अंगावर, खणात नव्हे. गरोदर असाल तर लवकर सांगा. कामाची पाळी बदलता येते.

२३. कृष्णेला पूर आला तर दवाखान्यात आधी काय हलवायचं?

२०१९ आणि २०२१ नंतर सांगलीत हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. दवाखाना सखल भागात असेल तर ४० फुटांलाच आवरायला घ्या. सगळ्यात आधी सुयांचे डबे आणि पिवळ्या-लाल पिशव्या. ते पाण्यात वाहून गेले तर गल्लीतल्या कुणाच्याही पायात सुई जाईल. मग औषधं, पेशंटचे कागद, ऑटोक्लेव्ह, शेवटी जमलं तर कंप्रेसर.

पुराचं पाणी लागलेलं निर्जंतुक पाकीट, गॉज, भुलेची बाटली, उघडं सिमेंट सगळं टाकायचं, वरून कोरडं दिसलं तरी. खुर्ची, कंप्रेसर, एक्स-रे मशीन मेकॅनिकने उघडून वाळवल्याशिवाय बटण दाबू नका. गाळ उपसताना बूट आणि जाड मोजे घाला, धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का बघा, आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस, पुराच्या दूषित पाण्यातून होणारा ताप) प्रतिबंधक गोळीबद्दल आरोग्य केंद्रात विचारा. पाण्याच्या नळ्या नव्या घाला. पहिला पेशंट घेण्याआधी ऑटोक्लेव्हची स्पोअर चाचणी करून निकाल हातात असू द्या.